इंटर्नचा कोड कोण वाचतो?

संगणक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने महाविद्यालयात लिहिलेला बहुतेक कोड सबमिशनच्या दिवशी एक्स्टर्नल परीक्षकासमोर एकदा चालतो आणि त्यानंतर तो कोणी उघडूनही पाहत नाही. मिनी प्रोजेक्ट म्हणून ग्रंथालयाच्या नोंदी ठेवणारी नाहीतर हॉस्टेलच्या खोल्या वाटून देणारी एखादी वेबसाइट तयार होते. चौघांच्या गटातला एकजण ती लिहितो, दुसरा रिपोर्ट टाइप करतो, व्हायव्हा होते, गुण मिळतात आणि विषय संपतो. त्या कोडवर कोणाचे काम अवलंबून नसते, पुढच्या वर्षीच्या मुलांना तो पुढे न्यायचा नसतो, आणि त्यात चूक राहिलीच तर तिची झळ कोणाला लागत नाही. कंपनीतल्या कोडची स्थिती अगदी उलट असते. तो वर्षानुवर्षे चालतो, मूळ लिहिणारी माणसे कधीच नोकरी सोडून गेलेली असतात, आणि त्यातली एक ओळ चुकली तर कोणाचे पैसे अडकतात, कोणाचे तिकीट रद्द होते. एका जगातून दुसऱ्या जगात जाण्यासाठी विद्यार्थ्याला जो थोडा काळ मिळतो, ती इंटर्नशिप. ती दोन महिन्यांची होती की सहा, पुण्यात होती की बंगळुरूत, स्टायपेंड किती होता, या चौकशा आपण हिरिरीने करतो. मला मात्र या सगळ्यांहून निर्णायक वाटते ती एकच गोष्ट: विद्यार्थ्याने लिहिलेला कोड तिथल्या जाणत्या माणसाने वाचला का, आणि वाचून त्याच्याशी त्याबद्दल बोलला का. हे घडले नसेल तर त्या काळाला इंटर्नशिप म्हणू नये, मग प्रमाणपत्रावर कोणाचाही शिक्का असो.

असे का, हे समजण्यासाठी इंटर्नचे दिवस कसे जातात ते पाहावे लागेल. पहिल्या आठवड्यात त्याच्या हातून कोडची एक ओळही लिहून होत नाही, असे सर्रास घडते आणि त्यात वावगे काही नाही. लॅपटॉप मिळतो, निरनिराळ्या यंत्रणांच्या परवानग्या मागाव्या लागतात, कंपनीचा कोड जिथे साठवलेला असतो ती रेपॉझिटरी आपल्या मशीनवर उतरवून घ्यावी लागते. उतरवली तरी ती लगेच चालत नाही. कुठल्यातरी सॉफ्टवेअर लायब्ररीची जुनीच आवृत्ती लागते, एखादे सेटिंग कोणीच कुठे लिहून ठेवलेले नसते. रोज सकाळी टीमचा स्टँडअप असतो. काल काय केले, आज काय करणार, कुठे अडले, हे प्रत्येकाने दोन वाक्यांत सांगायचे. मग एखादे लहानसे काम, ज्याला टिकट म्हणतात, त्याच्या नावावर पडते. समजा, ग्राहकाने बटण घाईत दोनदा दाबले तर नोंद दोनदा होते, ती होऊ नये. महाविद्यालयातल्या प्रोजेक्टमध्ये हे दहा मिनिटांचे काम आहे. इथे ते बटण हजारो फायलींपैकी कोणत्या फायलीत आहे हे शोधण्यात एक दिवस जातो, आणि त्याला हात लावल्यावर आणखी कुठे काय बिघडेल हे उमगण्यात दुसरा. बदल करून झाला तरी तो थेट मुख्य कोडमध्ये जात नाही. ‘माझा बदल घ्यावा’ अशी विनंती, म्हणजे पुल रिक्वेस्ट, पाठवावी लागते. टीममधले अनुभवी लोक तो बदल ओळ न् ओळ वाचतात आणि त्याच जागी शेरे लिहितात. ‘हे फंक्शन आपल्याकडे आधीच आहे, नवे नको.’ ‘या व्हेरिएबलच्या नावावरून काही कळत नाही.’ ‘मध्येच नेटवर्क तुटले तर काय होईल?’ विद्यार्थी दुरुस्त्या करतो, पुन्हा पाठवतो, पुन्हा शेरे येतात. सगळ्यांचे समाधान झाले की बदल मर्ज होतो, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळतो. याला कोड रिव्ह्यू म्हणतात आणि इंटर्नशिपमधले खरे शिक्षण मुख्यतः याच येरझारीत घडते.

प्रोग्रॅमिंग म्हणजे ओळी लिहिणे, हा समज बाहेरच्या लोकांचाच नव्हे, पुष्कळ विद्यार्थ्यांचाही असतो. डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ साली एका निबंधात तो मुळापासून खोडून काढला. पुढे २००५ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळालेले हे नाउर. त्यांचे म्हणणे असे, की प्रोग्रॅमचा गाभा कागदावर किंवा पडद्यावर नसतो. तो बनवणाऱ्यांच्या मनात तयार झालेल्या जाणिवेत असतो. बाहेरच्या व्यवहारातली कोणती गोष्ट कोडच्या कोणत्या भागात उतरली आहे, एखादा मार्ग सोडून दुसराच का निवडला, उद्या नवी मागणी आली तर ती कुठे नीट बसेल, हे सगळे त्या जाणिवेत येते. नाउर यांनी एका कंपायलरचे, म्हणजे प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरचे, उदाहरण दिले आहे. एका गटाने तो बनवला, दुसऱ्या गटाने तो वाढवायला घेतला. दुसऱ्या गटाकडे संपूर्ण कोड होता, सविस्तर दस्तऐवज होते, शिवाय पहिल्या गटाचा सल्लाही मिळत होता. तरीही त्यांनी सुचवलेले कित्येक बदल मूळ रचनेचे सामर्थ्य न वापरता तिला ठिगळे लावणारे निघाले, आणि ही गोष्ट पहिल्या गटातल्या लोकांना पाहताक्षणी कळली. पुढे मूळ गटाचा संबंध सुटल्यावर तर ती रचना ठिगळांखाली निष्प्रभ होऊन गेली. अनुभवी अभियंत्यांची ही गत, तर तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला एक रेपॉझिटरी आणि पाचपन्नास पानांची माहिती देऊन ‘वाच आणि कर’ म्हटल्याने काय साधणार? ती जाणीव ज्याच्याकडे आहे त्याच्या सहवासात, त्याने टोकल्याने आणि त्याला विचारल्यानेच ती दुसऱ्यात उतरते.

कोड दुसऱ्याने तपासायची शिस्त तशी जुनी. आयबीएममध्ये मायकेल फेगन यांनी १९७६ मध्ये तिची रीतसर पद्धत मांडली, तेव्हा हेतू होता चुका लवकर पकडण्याचा. आजही कोणत्याही टीमला विचारले तर रिव्ह्यू कशासाठी, याचे पहिले उत्तर तेच मिळेल. पण २०१३ मध्ये अल्बर्टो बाकेली आणि ख्रिश्चन बर्ड यांनी मायक्रोसॉफ्टमधल्या रिव्ह्यूंचा अभ्यास केला तेव्हा वेगळेच चित्र दिसले. लोक सांगत होते की आम्ही चुका शोधतो; प्रत्यक्ष शेऱ्यांत मात्र चुकांविषयीचे शेरे अपेक्षेपेक्षा कमी होते. ज्ञान एकाकडून दुसऱ्याकडे जाणे, टीममध्ये काय चालले आहे याची सर्वांना जाण राहणे, एखाद्या प्रश्नाचा अधिक चांगला मार्ग सापडणे, हे रिव्ह्यूचे मोठे लाभ ठरले. गूगलमधल्या पद्धतीवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर असे नोंदवले आहे, की तिथे रिव्ह्यू सुरू झाला तोच मुळी लिहिलेला कोड दुसऱ्या माणसाला समजला पाहिजे म्हणून. त्याच अभ्यासातला एक आकडा विद्यार्थ्यांनी जरूर लक्षात घ्यावा. तिथल्या निम्म्या बदलांचा आकार २४ ओळींपेक्षा जास्त नसतो. एवढ्या अवाढव्य कंपनीतही माणसे एका वेळी इतके थोडके बदलतात, कारण थोडकेच नीट वाचता येते. इंटर्नशिपमध्ये ‘फक्त छोटी कामे दिली’ म्हणून हिरमुसणाऱ्या मुलांना कोणीतरी हे सांगायला हवे. काम छोटे असणे ही तक्रार नव्हे. ते कोणीच न वाचणे ही तक्रार आहे.

छोट्या कामापासून सुरुवात करण्यामागे शिकण्याचे एक जुने शहाणपण आहे. मानववंशशास्त्रज्ञ जीन लेव्ह यांनी लायबेरियातल्या शिंप्यांकडे उमेदवारी करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला होता. तिथे शिकाऊ मुलाला आधी कापड कापायला देत नाहीत. तो इस्त्रीपासून, बटणे आणि काठ शिवण्यापासून, म्हणजे कपड्याच्या शेवटच्या टप्प्यापासून सुरुवात करतो. तिथली चूक उसवून सुधारता येते आणि तयार कपडा हातात असल्याने त्याची घडण आपोआप डोळ्यांखालून जाते. कापड बेतण्याचे काम, जिथे चूक महागात पडते, सर्वांत शेवटी. लेव्ह आणि एतिएन वेंगर यांनी १९९१ च्या पुस्तकात यावरून शिकण्याविषयीचा मोठा विचार मांडला. चांगली टीमही इंटर्नला आधी टेस्ट लिहायला, माहिती अद्ययावत करायला, किरकोळ बग सोडवायला देते ती याच क्रमाने. मात्र त्या शिंप्याच्या दुकानात उस्ताद त्याच खोलीत बसलेला असतो, ही बाब विसरून चालणार नाही.

उस्ताद शेजारी असला तरी विचारण्याचे धाडस हवे, आणि इथे विद्यार्थी अडखळतात. अँड्र्यू बेगेल आणि बेथ सायमन यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी मायक्रोसॉफ्टमध्ये नुकत्याच रुजू झालेल्या आठ पदवीधरांचे काम जवळून पाहिले. प्रोग्रॅमिंग त्यांना येत होते. अडचण होती ती बोलण्याची. आपल्याला येत नाही असे दिसू नये म्हणून ते प्रश्न विचारायला फार उशीर करत आणि तासन् तास एकटेच झगडत बसत. हे अमेरिकेतल्या पदवीधरांचे. आपल्याकडे जिल्ह्याच्या गावातून, मराठी माध्यमातून आलेली मुलगी पुण्यातल्या टीमच्या स्टँडअपमध्ये इंग्रजीत ‘मी अडले आहे’ हे सांगायला किती कचरत असेल, याचा विचार मेंटॉरने, म्हणजे तिला शिकवणाऱ्या वरिष्ठाने, करायला हवा. तिची अडचण कोडची आहे की भाषेची, हे समोरच्याला कळत नाही आणि ती मागे पडते. यावर भाषणे उपयोगी पडत नाहीत. रोज ठरलेल्या वेळी अर्धा तास मेंटॉरने तिच्याजवळ बसणे उपयोगी पडते, आणि मेंटॉर मराठी असेल तर मराठीत बोलणे अधिक. पुण्यात असे मेंटॉर थोडेथोडके नाहीत.

इंटर्नच्या चुकीकडे संस्था कशा पाहतात, यावरून तिथे शिकायला मिळेल की नाही हे नेमके ओळखता येते. २०२१ या एकाच वर्षातली अमेरिकेतली दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. जूनमध्ये एचबीओ मॅक्स या सेवेच्या बऱ्याच ग्राहकांना एक रिकामी चाचणी-मेल गेली. कंपनीने जाहीरपणे चूक मान्य केली, ती इंटर्नकडून झाल्याचे सांगितले, आणि आम्ही त्या इंटर्नच्या पाठीशी आहोत असेही सांगितले. त्यानंतर जगभरच्या अनुभवी प्रोग्रॅमरनी त्या अनोळखी इंटर्नला उद्देशून स्वतःच्या मोठमोठ्या चुका उघडपणे लिहिल्या. त्याआधी फेब्रुवारीत सोलरविंड्स कंपनीच्या प्रमुखांची अमेरिकी काँग्रेससमोर सुनावणी झाली होती. या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून शिरलेल्या हल्लेखोरांनी अमेरिकी सरकारच्या अनेक खात्यांपर्यंत मजल मारली होती. चौकशीत ‘सोलरविंड्स१२३’ असा एक कमकुवत पासवर्ड उघड्यावर राहिल्याचे समोर आले. त्या पासवर्डमुळेच घुसखोरी झाली असे सिद्ध झालेले नाही. पण त्याबद्दल विचारल्यावर कंपनीच्या माजी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी ती एका इंटर्नची चूक असल्याचे सांगितले. इंटर्नने तसा पासवर्ड ठेवला असेलही. तो ठेवू देणारी आणि दीर्घकाळ कोणाच्या लक्षात न येऊ देणारी व्यवस्था कोणाची होती? शिकाऊ माणूस चुकणार हे गृहीत धरूनच कंपनीने कुंपण घालायचे असते: मुख्य डेटाबेसला हात लावण्याची मुभा नाही, रिव्ह्यूशिवाय मर्ज नाही, पासवर्ड कोडमध्ये नाही. आणि चुका शिकाऊच करतात असेही नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीच्या अभियंत्याने रात्रीच्या गडबडीत भलत्याच सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला आणि सुमारे सहा तासांची माहिती कायमची गेली. कंपनीने घटनेचा पूर्ण तपशील जगासमोर ठेवला, एका माणसावर बोट न ठेवता बॅकअपची व्यवस्था कुठे कुठे निकामी होती ते सांगितले. ज्या कार्यालयात चूक झाल्यावर अशी चर्चा होते, तिथे दोन महिने काढलेला विद्यार्थी आयुष्यभर पुरेल इतके शिकतो.

आता आपण इंटर्नशिप मोजतो कशी ते पाहू. एआयसीटीईने, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने, २०१८ मध्ये अभियांत्रिकीचा आदर्श अभ्यासक्रम आणला, पदवीची एकूण क्रेडिट १६० वर आणली आणि इंटर्नशिप सक्तीची केली. परिषदेच्या इंटर्नशिप धोरणात पदवीच्या काळात मिळून ६०० ते ७०० तासांची अपेक्षा आहे. सक्ती करण्याचा हेतू चांगलाच होता. त्याआधी इंटर्नशिप ही ओळखीपाळखीच्या मुलांची मिरास होती. पण तास मोजले की तास भरले जातात. महाविद्यालयाला पूर्ण झाल्याचे पत्र हवे, टीपीओला, म्हणजे प्लेसमेंट अधिकाऱ्याला, यादी पूर्ण हवी, विद्यार्थ्याला क्रेडिट हवे, आणि या तिन्ही गरजांवर प्रमाणपत्रांचा एक बाजार उभा राहिला आहे. विद्यार्थ्याकडूनच पैसे घेऊन चार आठवड्यांची ‘व्हर्च्युअल इंटर्नशिप’ द्यायची, रेकॉर्ड केलेले व्हिडिओ दाखवायचे, तयार प्रोजेक्ट द्यायचा आणि शेवटी सोनेरी किनारीचे पीडीएफ पाठवायचे, हा त्याचा नमुना. तिथे विद्यार्थ्याचा कोड कोणी वाचत नाही, कारण वाचणारा माणूस ठेवलेलाच नसतो. मोजणी चुकली की वर्तन कसे बिघडते याचे एक जागतिक उदाहरणही आहे. हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात ऑक्टोबर महिन्यात मुक्त सॉफ्टवेअरच्या, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या, प्रकल्पांना चार पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळत असे. २०२० मध्ये त्यापायी एखादा शब्द इकडचा तिकडे करणाऱ्या निरर्थक विनंत्यांचा इतका पूर आला, आणि त्यात भारतीय विद्यार्थीही मोठ्या संख्येने होते, की आयोजकांना महिन्याच्या सुरुवातीलाच नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पांनी संमती दिली असेल तिथल्याच विनंत्या धरल्या जातील. मुले वाईट नव्हती. जे मोजले जात होते ते त्यांनी दिले.

वाचणारा माणूस व्यवस्थेतच बसवता येतो, याचे पुरावे आहेत. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये २७ विद्यार्थ्यांना घेऊन वर्ग आणि कारखाना आळीपाळीने चालवण्याचा प्रयोग सुरू केला. कॅनडातले वॉटरलू विद्यापीठ १९५७ मध्ये स्थापन झाले ते याच पायावर. तिथला अभियांत्रिकीचा विद्यार्थी चार महिने शिकतो, चार महिने काम करतो, आणि पदवीपर्यंत त्याच्या गाठीशी जवळपास दोन वर्षांचा अनुभव जमतो. प्रत्येक कामाच्या सत्रानंतर मालकाकडून त्याचे मूल्यमापन होते. आपल्याकडे पिलानीच्या बिट्सने १९७३ पासून प्रॅक्टिस स्कूल चालवले आहे आणि त्यांच्या गोव्याच्या संकुलातली मुलेही त्यातून जातात: दुसऱ्या वर्षानंतर दोन महिने, शेवटी साधारण साडेपाच महिने. या योजनेत संस्थेचा प्राध्यापक कंपनीतल्या कामाशी जोडलेला असतो आणि गुण त्या कामावर दिले जातात. आपल्या बहुसंख्य महाविद्यालयांत शिक्षकाचा इंटर्नशिपशी येणारा संबंध एनओसीवरच्या, म्हणजे ना-हरकत पत्रावरच्या, सहीपुरता असतो.

यावर कंपन्यांचा आक्षेप ठरलेला आहे. आम्ही काही शाळा काढलेली नाही. वरिष्ठ अभियंत्याचा वेळ महाग आहे, तो मुलांचा कोड तपासण्यात का घालवायचा? आक्षेपात तथ्य आहे. आयबीएमच्या ओएस/३६० प्रकल्पाच्या अनुभवावरून फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच सांगितले होते, की उशीर झालेल्या कामात नवी माणसे घातली की ते आणखी लांबते, कारण जुन्या माणसांचा वेळ नव्यांना शिकवण्यात जातो. म्हणजे इंटर्नचा खरा खर्च स्टायपेंड नसतो, मेंटॉरचा वेळ असतो. पण यावरून निघणारा निष्कर्ष कंपन्या काढतात त्याच्या उलटा आहे. हा खर्च करायची तयारी नसेल तर इंटर्न घेऊच नयेत. घेऊन वाऱ्यावर सोडणे म्हणजे त्याचा वेळ फुकट घालवणे आणि आपला कोडही बिघडवणे. ज्या कंपन्या पीपीओ, म्हणजे पदवीआधीच नोकरीचा प्रस्ताव, देऊन पुढे नोकरीवर घेतात, त्यांना तर हा खर्च परत मिळतो. तासाभराच्या मुलाखतीत जे दिसत नाही ते महिनोन् महिन्यांच्या रिव्ह्यूत दिसते: शेरा आल्यावर माणूस चिडतो की सुधारतो, न समजलेले समजल्यासारखे दाखवतो की विचारतो. आणि नव्या पदवीधरांना पगार देऊन महिनोन् महिने प्रशिक्षण देण्याचा खर्च आपला आयटी उद्योग नाहीतरी करतोच. इन्फोसिसने म्हैसूरला त्यासाठी अख्खे संकुल उभे केले आहे. त्यातला काही भाग आधी, विद्यार्थी शिकत असतानाच झाला तर उद्योगाचे काही नुकसान नाही.

दुसरा आक्षेप नवा आणि अधिक धारदार आहे. इंटर्न करत असे ते काम आता एआय करते, मग इंटर्न हवाच कशाला? गिटहब कोपायलट हे कोड सुचवणारे साधन २०२१ मध्ये आले, चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये. आज दोनदा दाबल्या जाणाऱ्या बटणाची दुरुस्ती ही साधने क्षणात लिहून देतात. पण लिहिण्याचे काम स्वस्त झाले की वाचून पारखण्याचे काम महाग होते. समोर आलेल्या चाळीस ओळी इथे बसतात का, हे सांगायला नाउर म्हणत ती जाणीव लागते. २०२५ मध्ये मीटर या संशोधन संस्थेने १६ अनुभवी प्रोग्रॅमरना त्यांच्या स्वतःच्या परिचित प्रकल्पांवर एआयसह आणि एआयविना काम करायला लावले. एआय वापरताना त्यांना १९ टक्के अधिक वेळ लागला, आणि तरीही आपण २० टक्के अधिक वेगाने काम केले अशीच त्यांची समजूत होती. अभ्यास लहान आहे, साधने झपाट्याने बदलत आहेत, त्यामुळे वेगाविषयीचा निष्कर्ष ताणू नये. पण मुरलेल्या लोकांनाही साधनाने आपल्याला मदत केली की अडवले हे स्वतःहून कळले नाही, ही बाब विद्यार्थ्यांच्या संदर्भात फार गंभीर आहे. एआयने लिहिलेला कोड न समजता पाठवणाऱ्या इंटर्नला ‘ही ओळ कशासाठी?’ असे विचारणारा माणूस पूर्वीपेक्षा आज जास्त हवा आहे. आणि आजच्या कनिष्ठांना वाचायला शिकवले नाही तर दहा वर्षांनी एआयचा कोड पारखणारे वरिष्ठ आणायचे कुठून, याचे उत्तर हा आक्षेप घेणाऱ्यांकडे नाही.

तिसरा आक्षेप संख्येचा. एकट्या महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या दीड लाखाहून अधिक जागा आहेत. इतक्या मुलांना मेंटॉर मिळणार कसे? कंपन्यांत सगळ्यांची सोय होणार नाही, हे मान्यच करायला हवे. पण कोड वाचणारी माणसे कंपन्यांबाहेरही आहेत. मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांत कोणाचीही पुल रिक्वेस्ट जगातले जाणते लोक वाचतात. गूगल समर ऑफ कोड २००५ पासून याच तत्त्वावर चालते: नवोदिताला एक प्रकल्प, एक मेंटॉर आणि मानधन. आयआयटी मुंबईतला, केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाच्या पाठबळाने चालणारा फॉसी प्रकल्प देशभरच्या विद्यार्थ्यांना इंटर्नशिप देतो आणि निवड करताना महाविद्यालयाचे नाव न पाहता आधी एक काम करून घेतो. लातूर-चंद्रपूरच्या मुलांसाठी ही फार मोलाची वाट आहे. याहून जवळचा मार्ग महाविद्यालयाच्या आवारातच आहे. हजेरी, परीक्षा, ग्रंथालय यांची सॉफ्टवेअर महाविद्यालये बाहेरून विकत आणतात. त्यातले एखादे विद्यार्थ्यांनी बांधावे, पुढच्या तुकडीने ते पुढे न्यावे, माजी विद्यार्थ्यांनी आठवड्यातून दोन तास त्यांचा कोड वाचावा, हे कोणत्याही तालुक्याच्या गावातही जमण्यासारखे आहे.

राहिला पैशांचा प्रश्न, आणि तो दुय्यम मुळीच नाही. पुण्यात हिंजवडी-खराडीच्या आसपास खोली घेऊन, मेस लावून दोन महिने बिनपगारी राहणे ज्यांच्या घरच्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी चांगला मेंटॉर असून नसल्यासारखा. सरकारी योजना आहेत, पण चालू वर्गातला विद्यार्थी नेमका त्यांच्या मधल्या फटीत पडतो. अप्रेंटिस कायद्याखाली नोंद झालेल्या पदवीधराला २०१९ च्या नियमांनी दरमहा किमान ९,००० रुपये ठरवले. २०२४ मध्ये आलेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत दरमहा ५,००० रुपये होते, पण ती सुरू झाली तेव्हा पूर्णवेळ शिकणाऱ्यांना त्यातून वगळले होते. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला १०,००० रुपये, तिथेही शिक्षण चालू असलेले अपात्र. इंटर्नशिप सक्तीची करायची आणि तिचा खर्च विद्यार्थ्याच्या बापावर टाकायचा, हा अन्याय आहे. सक्ती करणाऱ्यांनी निदान घर सोडून राहाव्या लागणाऱ्या मुलांच्या खर्चाची तरतूद केलीच पाहिजे.

विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना मात्र एक गोष्ट निधी नसतानाही करता येईल. इंटर्नशिपच्या मूल्यमापनात हजेरी, शिस्त, सादरीकरण यांना गुण असतात. त्यात विद्यार्थ्याच्या कामावर आलेल्या शेऱ्यांची आणि त्यानंतर त्याने केलेल्या बदलांची नोंद मागावी, शेरे देणाऱ्या अभियंत्याच्या नावानिशी आणि सहीनिशी. कंपनीचा कोड गोपनीय असतो, म्हणून कोड मागू नये. शेरा काय होता आणि त्यातून काय समजले, हे चार वाक्यांत लिहिता येते. अशी नोंद जिथून येणार नाही, त्या इंटर्नशिपला क्रेडिट देऊ नये. एवढ्याने प्रमाणपत्रांचा बाजार बराच उठेल. विद्यार्थ्यांनी ऑफर स्वीकारण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: माझा मेंटॉर कोण आहे, आणि माझी पुल रिक्वेस्ट कोण तपासणार आहे. चांगल्या टीमला या प्रश्नांचा राग येत नाही. उत्तरादाखल नाव मिळाले नाही तर ती जागा सोडा, आणि तोच उन्हाळा एखाद्या मुक्त प्रकल्पाला द्या.